कर घरावर, भार चुलीवर

इ. स. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यास जोडलेल्या सातव्या परिशिष्टांत कोणते कर मध्यवर्ती सरकारानें बसवावे व कोणते प्रांतांनीं बसवावे याच्या याद्या दिलेल्या आहेत. प्रांतांच्या यादींतील बेचाळिसावी नोंद वाचतांना कोणाहि मराठी वाचकास क्षणभर हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. जमिनी व इमारती यांवर प्रांतानें कर बसवावा इतकें सांगून ती नोंद थांबत नाहीं. चुली आणि खिडक्या यांवरहि तो बसवितां येईल असें ती पुढें म्हणते. चूल वेगळी झाली म्हणजे घर वेगळें झालें असें जेथें आपण समजतों, त्या देशाच्या मूलभूत कायद्यांत चूल ही करपात्र वस्तु म्हणून यावी हें चमत्कारिक खरें. परंतु हे शब्द विलायतेच्या इतिहासांतून इकडे आले. इंग्लंडांत इ. स. १६६२ पासून १६८९ पर्यंत चुलींवर कर होता व १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर होता. अनेक बिऱ्हाडांच्या भाड्याच्या घरांत खिडक्यांचा कर मालकाच्या नांवावर असे, आणि तो टाळण्यासाठीं खिडक्या विटांनीं बुजविल्या जात. पैसा मालकाचा वांचे. अंधार मात्र आंत राहणाऱ्याच्या वांट्यास येई.

घरांवरील करासंबंधानें जे वाद होतात त्यांचें मर्म या एका उदाहरणांत सांठविलेलें आहे. कर कोणाच्या नांवावर लिहिला जातो हा एक प्रश्न, आणि त्याचा भार शेवटीं कोणाच्या चुलीपर्यंत जाऊन पोंचतो हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कायद्यांत सांपडतें. दुसऱ्याचें इतिहासांत शोधावें लागतें. मुंबई इलाख्यांत हे दोन्ही प्रश्न एकाच वेळीं उभे राहिले ते १९३९ सालीं. त्या प्रकरणाचा एक धागा मुंबईच्या धनिकांच्या पेढ्यांकडे जातो आणि दुसरा थेट रत्नागिरीस येतो. म्हणून रत्नागिरीच्या बाजूनें तें पुन्हां एकदां उलगडून पाहण्यासारखें आहे.

१९३७ च्या जुलै महिन्यांत मुंबई इलाख्यांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्याचे मुख्य प्रधान बाळ गंगाधर खेर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजीं रत्नागिरीस झाला होता. धंद्यानें ते मुंबईंत सॉलिसिटर होते. खरेदीखतें, गहाणखतें व भाडेपट्टे यांचा ज्यास नित्याचा परिचय, असा हा गृहस्थ. अर्थखातें कोल्हापूरचे माजी दिवाण अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होतें; आरोग्य व अबकारी हीं खातीं नामांकित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर या पारशी गृहस्थांकडे होतीं. काँग्रेसनें लोकांस दारूबंदीचें वचन दिलें होतें. १९३८ सालीं अहमदाबादेंत तिचा आरंभ झाला, आणि १ ऑगस्ट १९३९ हा दिवस मुंबई शहरासाठीं ठरला.

वचन देणें सोपें होतें. अंदाजपत्रक जुळविणें सोपें नव्हतें. अबकारीचें उत्पन्न इलाख्याच्या एकूण उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या जवळपास जात असे. गिरणींतील मजूर गुत्त्यावर जो पैसा ठेवी, तोच फिरून फिरून प्राथमिक शिक्षकाचा पगार व दवाखान्याचें औषध होई. गुत्ता बंद करावयाचा तर शाळेसाठीं व दवाखान्यासाठीं दुसऱ्या कोणीं तरी पैसा दिला पाहिजे, हें उघड होतें. उत्पन्नावरील कर मध्यवर्ती सरकारच्या हातीं. शेतसारा वाढवावा तर रयत आधींच मंदीनें गांजलेली. अशा स्थितींत मंत्रिमंडळाची दृष्टि त्या बेचाळिसाव्या नोंदीवर गेली. १९३२ च्या मुंबई फायनान्स ॲक्टांत १९३९ सालीं दुरुस्ती करण्यांत आली आणि ‘नागरी स्थावर मिळकतीवरील कर’ या नांवाचा एक नवा भाग त्यांत घालण्यांत आला. कराचा दर वार्षिक भाडेमूल्याच्या शेंकडा दहा. भाडेमूल्य म्हणजे ती मिळकत भाड्यानें दिली असतां वर्षास जें भाडें येईल असा अंदाज करतां येईल तें. म्युनिसिपालिटीची घरपट्टी होतीच. हा कर तिच्यावर आणखी. वसुली म्युनिसिपालिटीच्या यंत्राकडून व्हावयाची आणि पैसा प्रांताच्या तिजोरींत जावयाचा, अशी योजना होती.

या कराविरुद्ध मुंबईच्या व्यापारी व घरमालक वर्गांत मोठी खळबळ उडाली. ती समजून घेण्यास त्या शहराची एक जुनी चाल लक्षांत ठेवली पाहिजे. व्यापारांत मिळविलेला पैसा घरांत घालावयाचा, ही ती चाल. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत कापसावर मिळविलेली संपत्ति १८६५ सालीं शेअरांच्या बाजाराबरोबर बुडाली, तेव्हांपासून कागद बुडतो पण भिंत बुडत नाहीं, ही समजूत मुंबईच्या पेढ्यांवर दृढ झाली असल्यास नवल नाहीं. पारशी व मुसलमान समाजांतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ घरभाड्यावर चाले. कित्येक धर्मादाय संस्थांचें उत्पन्न तेंच. शिवाय दारूच्या व्यापारांतहि पारशी लोकांचा हात मोठा होता. म्हणजे एका हातानें त्यांचा धंदा बंद होणार आणि दुसऱ्या हातानें, तो बंद करण्याचा खर्चहि त्यांच्याच घरांवर बसणार, असा योग आला.

घरमालकांच्या पक्षाचें म्हणणें चार मुद्द्यांत सांगतां येईल. पहिला मुद्दा न्यायाचा: दारूबंदी ही जर सर्व समाजाच्या हिताची, तर तिचा खर्च एकाच वर्गावर व मुख्यतः एकाच शहरावर कां? दुसरा हिशेबाचा: हा कर मालकाच्या पदरांत खरोखर काय पडतें तें पाहत नाहीं, घर गहाण असलें, निम्मीं बिऱ्हाडें रिकामीं असलीं, तरी अंदाजी भाडेमूल्यावर दहावा हिस्सा द्यावयाचाच. तिसरा मुद्दा दुहेरीपणाचा: १९२२ च्या आयकराच्या कायद्याप्रमाणें घराच्या वार्षिक मूल्यावर मध्यवर्ती सरकार कर घेतच होतें, त्याच मापावर प्रांतानें पुन्हां कर घ्यावा हें नांव बदलून घेतलेला आयकरच नव्हे काय? आणि चौथा मुद्दा भविष्याचा: या करानें नवीं घरें बांधलीं जाणार नाहींत, आणि जीं आहेत त्यांचीं भाडीं वाढतील.

अशा प्रसंगीं व्यापारी काय करतो, याचें एक जुनें उदाहरण आपल्या देशांत आहे. १८१० सालीं कंपनी सरकारनें काशींत घरांवर कर बसविला, तेव्हां तेथील लोकांनीं दुकानें बंद केलीं, कारागिरांनीं हत्यारें खालीं ठेवलीं आणि हजारो लोक घरें सोडून उघड्या मैदानांत धरणें धरून बसले. सरकारनें कांहीं दिवस ताठा धरला, परंतु अखेरीस तो कर मागें घ्यावा लागला. तेथें घर ज्याचें होतें तोच बहुधा त्यांत राहत होता. म्हणून मालक, दुकानदार आणि विणकर एकाच मैदानांत बसूं शकले. मुंबईंत तसें नव्हतें. येथें घर एकाचें आणि चूल दुसऱ्याची. घरमालक सभा भरवूं शकत होता, परंतु चाळींतील बिऱ्हाडकरूस आपल्या शेजारीं बसवूं शकत नव्हता. म्हणून त्यानें मैदानाऐवजीं न्यायमंदिराचा रस्ता धरला.

सर बैरामजी जीजीभाई यांनीं मुंबई प्रांताविरुद्ध हायकोर्टांत दावा आणला. सर जॉन बोमंट हे त्या वेळीं मुख्य न्यायमूर्ति होते. वर सांगितलेल्या चार मुद्द्यांपैकीं न्यायालयापुढें टिकण्याजोगा मुद्दा तिसराच होता. कारण कर शहाणपणाचा आहे कीं नाहीं हें न्यायाधीश पाहत नाहींत, तो बसविण्याचा अधिकार होता कीं नाहीं एवढेंच ते पाहतात. वादीचें म्हणणें असें कीं, वार्षिक मूल्यावरील कर हा वस्तुतः उत्पन्नावरील कर असून तो मध्यवर्ती सरकारचा प्रांत आहे. न्यायालयानें १९४० सालच्या ग्रंथांत नमूद झालेल्या निवाड्यांत हें मान्य केलें नाहीं. वार्षिक मूल्याचें माप वापरलें एवढ्यावरून कर उत्पन्नावरचा ठरत नाहीं. मालकास कांहीं मिळो वा न मिळो, जो इमारतीवर बसतो तो इमारतीवरचाच कर होय, असा त्याचा आशय. यांतील मौज वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. ‘उत्पन्न नसलें तरी आम्हांस भरावें लागतें’ ही घरमालकांची जी सर्वांत रास्त तक्रार, तीच त्यांच्या दाव्याच्या मुळावर आली. पंजाबांतील तशाच एका करासंबंधानें रल्ला राम यांच्या खटल्यांत फेडरल कोर्टानेंहि १९४८ सालीं याच दिशेनें निर्णय दिला.

आतां चौथ्या मुद्द्याकडे वळूं. कारण तेथें रत्नागिरीचा माणूस भेटतो. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या सुमारें पावणेबारा लाख होती, आणि तींत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले लोक दोन लाखांवर होते. म्हणजे शहरांतील दर पांच-सहा माणसांत एक आमच्या जिल्ह्यांतला. तो गिरणींत राबे, गोदींत ओझीं वाही, शेठजीच्या पेढीवर शिपाई असे. एका खोलींत चार-सहा जण मिळून राही आणि महिन्याच्या महिन्यास गांवीं मनिऑर्डर धाडी. दारूबंदी जिच्यासाठीं करावयाची ती सवय त्याची. आणि तिचा खर्च ज्या भिंतींवर बसविला त्या भिंतींच्या आंतहि तोच. समजा, त्याच्या खोलीचें भाडें आठ रुपये आहे. मालकानें कराचा सगळा भार भाड्यावर टाकला तर महिन्यास जवळजवळ तेरा आणे वाढतील. पेढीवर बसलेल्यास तेरा आणे म्हणजे कांहींच नव्हे. पण मनिऑर्डरींतून तेरा आणे कमी झाले तर गुहागर-संगमेश्वराकडील एखाद्या घरांत मीठ-मिरचीचा हिशेब चुकतो. अर्थात् गुत्त्यावर जाणारा रुपाया वांचला तर तोच माणूस हे तेरा आणे देऊनहि तीन आणे नफ्यांत राहील, हा मंत्रिमंडळाच्या बाजूचा युक्तिवादहि तितकाच खरा. परंतु जो मुळींच पीत नव्हता त्याचें काय?

कराचा भार असा भाडेकऱ्यावर जातो किंवा नाहीं, याविषयीं ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक मार्मिक भेद केला आहे. घराच्या भाड्याचे दोन भाग असतात: एक बांधकामाचा मोबदला व दुसरा जमिनीचा. जमीन कोणीं निर्माण केलेली नसते. म्हणून तिच्या भाड्यावर कर बसला तर तो बहुतांशीं मालकासच सोसावा लागतो. बांधकामांत मात्र भांडवल घालावें लागतें. त्यावरील कर फार झाला तर नवें भांडवल तिकडे फिरकत नाहीं, घरें अपुरीं पडतात आणि कालांतरानें भाडें चढतें. या दृष्टीनें पाहतां, ‘कर आम्हांस बुडवील’ व ‘कर भाडेकऱ्यास बुडवील’ हीं घरमालकांचीं दोन विधानें वरवर परस्परविरुद्ध दिसलीं तरी तशीं नाहींत. आज मालक बुडतो, उद्यां भाडेकरी. मुंबईसारख्या समुद्रानें वेढलेल्या बेटावर जमिनीचा भाग मोठा, म्हणून मालकाच्या तक्रारींत अतिशयोक्ति होती. परंतु चाळी बांधणारा कोणी उरला नाहीं तर काय होईल, ही त्याची शंका पोकळ नव्हती. १९२० नंतर सरकारनें कापसाच्या दर गांठीवर एक रुपया जकात घेऊन तिच्या आधारानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें चाळी उठविल्या, यावरूनच कामकऱ्यांच्या घरांसाठीं खाजगी भांडवल पुरें पडत नव्हतें असें दिसतें.

मधल्या माणसावर बसविलेला कर खालीं कसा उतरतो हें रत्नागिरीकरांस कोणा परदेशी पंडितानें शिकवावें असें नव्हतें. खोतीनें तें आम्हांस पिढ्यान् पिढ्या शिकविलें होतें. गांवचा सारा भरण्याची जबाबदारी खोताची. पण धान्य निघे तें कुळाच्या खळ्यांतून. भाताच्या जमिनींत अर्धेल, वरकस जमिनींत तिर्धेल, आणि वर वेठ. १८८० च्या खोती कायद्यानें हा संबंध नियमांत बसविण्याचा यत्न केला, तरी सरकार व कुळ यांच्यामध्यें खोत उभा राहिलाच. येथें घरमालकांच्या पहिल्या मुद्द्यास, म्हणजे न्यायाच्या मुद्द्यास, अनपेक्षित बळ मिळतें. ज्या विधिमंडळानें नागरी स्थावरावर कर बसविला त्याच विधिमंडळांत डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें होतें, आणि पुढील जानेवारींत कोंकणांतील हजारो कुळांचा मोर्चा त्यासाठीं मुंबईस गेला होता. तें विधेयक मंजूर झालें नाहीं. खोती जाण्यास १९४९ चा कायदा यावा लागला. मुंबईच्या घरमालकास हात लावण्यास दोन वर्षें पुरलीं. रत्नागिरीच्या खोतास हात लावण्यास बारा लागलीं. ‘आमच्यावरच कां?’ असें एखाद्या पारशी शेठजीनें विचारलें असतें, तर रत्नागिरीच्या कुळानें त्यास हंसण्यापूर्वीं थोडा विचार केला असता.

पुढें काय घडलें? सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध सुरू झालें आणि नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. ज्या दारूबंदीसाठीं कर बसविला ती मंत्रिमंडळामागें ढासळली. संपूर्ण दारूबंदी येण्यास १९४९ चा कायदा व १९५० साल उजाडावें लागलें. कर मात्र राहिला. कारण नाहींसें झालें तरी कर नाहींसा होत नाहीं, हा व्यापाऱ्यांचा जुना अनुभव पुन्हां खरा ठरला, आणि या एका बाबतींत त्यांचा संशय कोणत्याहि मंत्र्याच्या आश्वासनापेक्षां अधिक शहाणा होता असें म्हणावें लागतें. घरमालकांस थोडा दिलासा मिळाला तो १९५० सालीं. कापडबाजाराच्या एका मालक कंपनीच्या दाव्यांत नव्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, आयकरासाठीं घराचें उत्पन्न मोजतांना म्युनिसिपालिटीची घरपट्टी व हा नागरी कर या दोहोंची वजावट द्यावी. दुहेरीपणाची जी तक्रार १९४० सालीं दारांतून परत गेली, ती दहा वर्षांनीं खिडकींतून आंत आली.

भाडेकऱ्याची कथा निराळी. १९३९ सालींच लहान भाड्यांच्या जागांसाठीं भाडेनिर्बंधाचा कायदा झाला. त्यामागून १९४४ चा व नंतर १९४७ चा. १९४७ च्या कायद्यानें भाड्याचें प्रमाण १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरून बांधलें. भाड्याचा दरवाजा असा बंद झाल्यावर रत्नागिरीच्या माणसाचे तेरा आणे वांचले असें वाटेल. परंतु भार नाहींसा होत नसतो. तो वाट बदलतो. गोठलेल्या भाड्यांत मालकानें डागडुजी सोडली. खोली बदलतांना पागडीचा आंकडा उघड भाड्याहून कितीतरी मोठा झाला. आणि पावसाळ्यांत छत गळूं लागलें. हा सर्व दोष एकट्या त्या कराचा मुळींच नव्हे; महागाई, युद्ध व भाडेनिर्बंध यांचा वांटा त्याहून फार मोठा होता. पण चाळ बांधणें व राखणें हें ज्याचें काम त्याच्या हिशेबांत नफ्याची बाजू बसत नाहीं तेव्हां काय होतें, हें त्या छतानें दाखविलें. अखेरीस १९६९ सालीं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं सरकारास स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें. आणि त्याच्या खर्चासाठीं त्याच इमारतींवर उपकर बसविण्यांत आला. तीस वर्षांनीं कर पुन्हां त्याच घरावर आला. या खेपेस निदान त्याच्या छतासाठीं.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंत ती बेचाळिसावी नोंद राज्यांच्या यादींत एकूणपन्नासावी झाली. जमिनी व इमारती तेवढ्या राहिल्या. चुली आणि खिडक्या गळाल्या. २०२२ सालीं मुंबईंतील पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस मालमत्ता कर माफ करण्यांत आला, तेव्हां लहान चुलीस वगळावें हें तत्त्व कायद्यानें उशिरा कां होईना मान्य केलें. १९३९ च्या वादांत व्यापाऱ्यांनीं आपलें गाऱ्हाणें मोठ्यानें मांडलें, आणि त्यांत स्वार्थ होता म्हणून तें सगळें खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. सरकारनें लोकहिताचें नांव घेतलें, आणि तें नांव खरें होतें म्हणून हिशेब बरोबर होता असेंहि वाटत नाहीं. त्या सर्व वादांत ज्याचा शब्द कोठेंच ऐकूं येत नाहीं तो, आगबोटीनें मुंबईस गेलेला, तेरा आण्यांचा धनी. घरांवरील कराचा पुढला प्रस्ताव जेव्हां येईल, आणि तो येईलच, तेव्हां मालकाचें व मंत्र्याचें म्हणणें तर ऐकावेंच. पण त्याआधीं त्या घरांत चूल कोणाची पेटते, एवढें विचारून घ्यावें.